प्रतिसाद : मे आणि डिसेंबरचे डायनो रन शेजारी ठेवू नका

रिमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग्ज बदलल्यावर) गाडीची 12 हॉर्सपॉवर वाढली असं म्हणताय, पण डायनोवरचा (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावरचा) आधीचा रन नागपूरच्या मे महिन्यातला, 45 अंशांत. नंतरचा डिसेंबरात, 20 अंशांत. दोन्ही आकडे करेक्शनविना (हवेच्या तापमान-दाबाचा हिशेब न लावता) असतील आणि पेट्रोल इंजिन बिनटर्बोचं (हवा दाबून भरणारा टर्बो नसलेलं) असेल, तर 100 हॉर्सपॉवरमागे चारेक निव्वळ थंड हवेनेच वाढतात. टर्बोला मात्र तोच करेक्शन फॅक्टर डोळे मिटून लावू नका. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) स्वतःच सांभाळतो, मग उन्हाळ्यात करेक्शन लावलेला आकडा उगाच फुगतो.

आधीचा आणि नंतरचा रन एकाच दिवशी, एकाच डायनोवर घ्या. गिअर तोच (शक्यतो 1:1 च्या जवळचा), टायरची हवा तीच, गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताणही तितकाच. प्रत्येकी तीन रन. पहिला बहुधा सोडूनच द्यावा, गिअरबॉक्सचं तेल गार असतं. ओबीडीवर (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला लावलेल्या रीडरवर) इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान बघत राहा. समोरचा पंखा लहान असेल तर इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) तापतो आणि तिसऱ्या रनला आकडा घसरतो. तो दोष मॅपचा नव्हे.

डायनोची शीटही तपासा. टॉर्क (न्यूटन-मीटर) गुणिले आरपीएम, भागिले 7127 म्हणजे हॉर्सपॉवर. 3500 ला 200 असेल तर 98 यायलाच हवेत. जुळत नसेल तर शीटमध्ये कुठेतरी घोळ आहे. आणि हो, चाकावरचा आकडा कंपनीच्या ब्रोशरशी ताडून बघू नका, ब्रोशरमधला इंजिनावरचा असतो.