'रॉकेट'चं चित्र आणि लाकडी ठसा: व्हिक्टोरियन साप्ताहिकांना साक्षीदार मानायचं का?

ठसेकार:
१८४२ ला 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक निघालं, १८६९ ला 'ग्राफिक'. त्यांतली जुन्या यंत्रांची चित्रं पुरावा म्हणून धरावीत असं माझं मत. संग्रहालयं पुढे भाग बदलतात, नवे बसवतात. त्याआधीची अवस्था चित्रातच सापडते.

उलटी पट्टी:
साफ अमान्य. ही चित्रं बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरलेली. खोड बारीक, म्हणून मोठा ठसा लहान तुकडे मागून बोल्टांनी आवळून बनायचा. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटायचे. सांध्यावर रेघ जुळली नाही तर छपाईत पांढरी फट दिसते. कोनमापकावर दर अंशाला रेघ हवी तर मधलं लाकूड काढून बारीक कंगोरे ठेवायचे. दाट झाले की त्यांत शाई भरते. म्हणून कोरक्या रेघा गाळायचा. त्या मोजून यंत्राची अचूकता काढणारे लेख वाचवत नाहीत.

ठसेकार:
रेघा सोडा हो. घाट तर कळतो?

उलटी पट्टी:
तोही उलटा असू शकतो. ठशावर चित्र आरशातल्यासारखं काढावं लागतं. चित्रकार विसरला की छापात डावं-उजवं बदलतं, आणि अक्षरं मात्र कोरक्या सुधारून घेतो.

रूळतपासनीस:
त्याला चाचणी आहे. उभा, नेहमीचा उजवा स्क्रू समोरून पाहिला तर आटे डावीकडून उजवीकडे चढतात. चित्रात उलटे चढत असतील तर संशय घ्या. पण एवढ्यावर निकाल देऊ नका: काही स्क्रू मुळातच डाव्या आट्यांचे असतात, काही कोरक्याने अंदाजाने ओढलेले. कडी, बिजागरी, हँडल अशी, जिची बाजू ठरलेली असते ती दुसरी खूणही जुळली पाहिजे.

आता 'रॉकेट', म्हणजे स्टीफन्सनची वाफेची रेल्वेगाडी (इंजिन). १८२९ च्या इंग्लंडमधल्या रेनहिलच्या इंजिन-शर्यतीत तिचे सिलिंडर चांगलेच तिरके होते. पुढे ते जवळजवळ आडवे केले, बॉयलरच्या पुढे धुराची पेटीही बसवली. १८६२ मध्ये लंडनच्या पेटंट ऑफिस संग्रहालयात आली ती ही बदललेली गाडी. त्यानंतरच्या चित्रात सिलिंडर तिरके दिसले, तर चित्रकाराने समोरची वस्तू नव्हे, जुनं चित्र किंवा आराखडा गिरवला.

ठसेकार:
म्हणजे चित्र खोटं ठरलं तरी ते कशावरून काढलं हे कळतं. मी हेच म्हणतोय.

उलटी पट्टी:
तुम्ही 'अवस्था कळते' म्हणालात. उगम कळणं वेगळं. तिरक्या सिलिंडरचं चित्र दाखवून १८६२ ची गाडी अशीच होती म्हणणारे भेटतात, त्यांना आधी आवरा.