डबाबंद ट्यूना: पाऱ्याची रिकव्हरी कमी, ब्लँक मात्र चढतोय

परीक्षानळी:
डबाबंद ट्यूनातला पारा, कॅडमियम, शिसं आणि आर्सेनिक आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात नमुना तापवून मूलद्रव्यं वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) मोजतोय. ०.५ ग्रॅम नमुना, ७ मिली नायट्रिक, १ मिली पेरॉक्साइड, मायक्रोवेव्हमध्ये २०० अंश, शेवटी ५० मिली. डीओआरएम-४ मध्ये (माहीत आकड्यांचं प्रमाणित मासळीचं संदर्भद्रव्य) पारा ०.४१ मिग्रॅ/किलोच्या आसपास यायला हवा, येतो ०.२९. उलट १० पीपीबीच्या (लिटरला मायक्रोग्रॅम) स्टँडर्डनंतर ब्लँक, म्हणजे नमुना नसलेलं कोरं द्रावण, चढतच जातो. कॅडमियम, शिसं बरोबर. द्रावणं रात्रभर ठेवून सकाळी चालवतो. मिठाच्या पाण्यात डबाबंद केलेल्या माशात आर्सेनिकही जास्त दिसतं. कुठे बघू?

एक_पीपीबी:
कॅडमियम-शिसं जमतंय, म्हणजे पचनावर (आम्लात नमुना विरघळवण्यावर) पहिला संशय नको. ते रात्रभर ठेवणंच नडतंय. नुसत्या पातळ नायट्रिकमध्ये पारा प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतो. यंत्रात पोचलेला नळ्यांना आणि स्प्रे चेंबरला धरून बसतो, ब्लँकमध्ये तोच सुटतो. उपाय दोन्हीला एकच: स्टँडर्ड, ब्लँक, नमुना, धुण्याचं द्रावण या सगळ्यांत ०.५ ते १ टक्का हायड्रोक्लोरिक आणि २०० पीपीबी सोनं; दोन्ही पाऱ्याला द्रावणातच धरून ठेवतात. फक्त नमुन्यात घालून स्टँडर्ड तसंच ठेवलंत तर रिकव्हरी (खऱ्या आकड्याच्या किती टक्के मिळालं ते) उलट १०० च्या वर जाईल. दोन नमुन्यांमध्ये २-३ मिनिटं धुवा. पाऱ्याचं कॅलिब्रेशन वेगळं ठेवा; ०.५ मिग्रॅ/किलो म्हणजे तुमच्या विरलीकरणात ५ पीपीबीच, १० च्या वर जायची गरज नाही. आणि भांडी गरम असताना उघडू नका, तपकिरी धुराबरोबर पाराही जातो.

खारट:
आर्सेनिकचं सांगतो. मिठातलं क्लोरीन यंत्रातल्या आर्गॉनशी जुळून आर्सेनिकच्याच वस्तुमानावर, ७५ वर येतं आणि वरच्या उपायातलं हायड्रोक्लोरिक त्यात भरच घालेल, तेव्हा हेलियम मोड (असे जोडरेणू हेलियम वायूने गाळणारा) हवाच. तरीही आकडा जास्त असेल तर उरलेला कार्बन बघा, तो आर्सेनिकचा सिग्नल फुगवतो. पण समुद्री माशात एकूण आर्सेनिक किलोला १ मिग्रॅच्या वर असणं नवल नाही. त्यातलं बहुतेक आर्सेनोबिटेन हे सेंद्रिय संयुग, जे जवळजवळ निरुपद्रवी. एकूण आकड्यावरून कुणाला घाबरवू नका.

तेलातला मासा असेल तर निथळल्यावरही ०.३ ग्रॅमच घ्या, आम्लात अर्धा तास उघडा ठेवा, मगच झाकण. नाहीतर दाब एकदम चढून व्हेंट उडतो. डबा उघडताना काठाचा कीस मांसात पडू देऊ नका.

परीक्षानळी:
सोनं मागवतो. कथिलही यातच मोजता येईल?

एक_पीपीबी:
येईल, पण नुसत्या नायट्रिकमध्ये कथिल पांढरा साका होऊन बसतं, त्यालाही हायड्रोक्लोरिकच लागतं. युरोपातली डबाबंद अन्नाची मर्यादा २०० मिग्रॅ/किलो, म्हणजे तुमच्या द्रावणात २००० पीपीबी. आणखी विरल करूनच चालवा. कॅडमियम मात्र १११ या वस्तुमानावर वाचा. ११४ वर कथिलाचाही समस्थानिक बसतो आणि ट्यूनातल्या कॅडमियमची ०.१० मिग्रॅ/किलोची मर्यादा तपासताना तेवढ्यानेही निकाल फिरतो.