मदत हवी आहे: आईसोबत बँकॉक, खाणं आणि खरेदी

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आईला घेऊन चार दिवस बँकॉकला जातेय. तिचा हा पहिलाच परदेश प्रवास. ती पक्की शाकाहारी आणि तिकडे साध्या भाजीतही फिश सॉस पडतो. तिने आत्तापासूनच दशम्या, मेतकूट बांधायला काढलंय! पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरांत 'जे' असेल तिथे मांस-मासे नसतात, लसूणही नसतो, एवढं कळलंय. अशा गाड्या याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाउनमध्ये, शाकाहारी उत्सव सोडून एरवीही सापडतात का? फाहुरात या भारतीय वस्तीतल्या गुरुद्वाऱ्याजवळ पोळी-भाजी कुठे चांगली मिळते?

चतुचाकचा बाजार शनिवार-रविवारी भरतो, आमचा रविवार मोकळा आहे. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा ऊन चढायच्या आत कुठून शिरावं? मावशीसाठी रेशमी कापड घ्यायचंय. अस्सल थाई रेशीम हाताला कसं ओळखायचं, तेही सांगा.