नाटकाच्या मंचावर स्टेज पियानो: आवाजासाठी काय घ्यावं?

पेटीवाला_ब्रह्मपुरी
नमस्कार मंडळी. वडशाच्या एका नाट्यमंडळात ११ वर्षांपासून ऑर्गन वाजवून राहिलो. यंदा धानाचे पैसे आले तसा जुना यामाहा सीपी८८ घेतला, मंचावर वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पियानो. हेडफोन लावून वाजवला तर डोळ्यांत पाणी यावं असा आवाज. पण त्याला स्वतःचे स्पीकर नाहीत, अन् इथंच अडकलो.

परवाचा प्रयोग धान कापलेल्या बांधीत होता. गिटारवाल्याचा ॲम्प मागून घेतला, तर वरचे सूर बोथट अन् खाली नुसती घुमघुम. मग साऊंडवाल्याकडं साधी वायर टाकली, २५ मीटरची, त्यात सारखं घूंऽऽ. दुसऱ्या अंकात नायिकेचं पद होतं, काळी चारमध्ये. मी सूर दिला, तो प्रेक्षकांत गेला, तिच्यापर्यंत आलाच नाही. तिनं अंदाजानं सूर धरला तो पांढरी सहाचा. तबला काळी चारमध्ये लागलेला, समोर गाव बसलेलं. पोरगी विंगेत जाऊन रडली. चूक तिची नव्हती.

कीबोर्ड ॲम्प घेऊ की ॲक्टिव्ह स्पीकर (आतच ॲम्प असलेला)? १२ इंची की १५? बजेट २५,०००.

साऊंड_तळोधी
भाऊ, गिटारचा ॲम्प विसरा. त्याचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, अन् मधले सूर फुगवतो. गिटारला ते शोभतं. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा, वरचा ४,१८६ चा, अन् त्याच्याही वर उपस्वर. झणकार तिथंच असते. म्हणून हॉर्नवाला (वरच्या सुरांसाठी वेगळा भोंगा असलेला) फुल रेंज, म्हणजे खालपासून वरपर्यंत सारे सूर देणारा ॲक्टिव्ह घ्या, १२ इंची, एकच. २७ हर्ट्झ तोही धड देत नाही, पण खर्जाचे उपस्वर आले की कान बाकीचं भरून घेतो. १५ इंची रोज गाडीत चढवणं-उतरवणं तुमच्याच्यानं होणार नाही.

खोक्यावरच्या १,००० वॅटवर जाऊ नका, तो बहुतेकदा पीकचा, म्हणजे क्षणभराचा आकडा असतो. कंटिन्युअस, म्हणजे सतत किती देतो ते विचारा. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढते.

प्रेक्षकांसाठी आमचे स्पीकर असतातच. तुमचा मंचाकडं तोंड करून ठेवा, नटांसाठी.

घूंऽऽ साठी डीआय बॉक्स, म्हणजे लांब वायरीत हम शिरू नये असा सिग्नल करून देणारी छोटी डबी. पियानोतून छोटी वायर डीआयमध्ये, त्याच्या थ्रू जॅकमधून (आलेला सिग्नल तसाच पुढं देणारा) तुमच्या स्पीकरला, अन् एक्सएलआरनं (माईकची तीन पिनांची वायर) लांब वायर मिक्सरला. तरी हम राहिली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. पण प्लगची अर्थिंगची पिन कोणी तोडायला सांगितली तर ऐकू नका. बांधीत जमीन ओली असते, जीव जाईल.

सूर_वर्धा
साऊंडदादांचं बरोबर आहे. एक भर घालते. एकच स्पीकर म्हणजे मोनो. पियानोचे बरेच आवाज दोन माईकनं स्टिरिओ टिपलेले असतात. डावं-उजवं एकत्र आलं की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात अन् पियानो पोकळ वाजतो. डाव्या जॅकवर एल/मोनो लिहिलंय, फक्त तोच लावा, उजवा मोकळा ठेवा. मग आतला प्रत्येक पियानोचा आवाज त्याच स्पीकरवर ऐकून घ्या. हेडफोनमध्ये सर्वांत सुंदर वाटतो तो मोनोत टिकेलच असं नाही. पियानोवरचा कोरस इफेक्ट बंद ठेवा.

आणि दादा, यूपीएस (वीज गेली की बॅटरीवर चालवणारा डबा) घ्या. व्होल्टेज क्षणभर पडलं की पियानो बंद पडून पुन्हा सुरू होतो, त्यात काही सेकंद जातात. पदाच्या मध्यात ते फार मोठे असतात. कॉम्प्युटरची साधी यूपीएस पियानोपुरती पुरते. स्पीकर तिच्यावर लावू नका.

पेटीवाला_ब्रह्मपुरी
ताई, दादा, मनापासून आभार. काल गावातल्या डीजेवाल्याकडून १२ इंची ॲक्टिव्ह मागून आणला अन् अंगणात लावला. एल/मोनोवर माझा आवडता ग्रँड पियानोचा आवाज खरंच पोकळ वाजला, मधल्या सप्तकातले दोन-तीन सूर तर गायबच. दुसरा एक, जो मी आजवर लावतच नव्हतो, तो भरून आला. आई आतून म्हणाली, "आता पेटीसारखं ऐकू येते."

नायिकेला बोलावून तेच पद तिथंच म्हणवून घेतलं. स्पीकर तिच्यापासून सहा हातांवर, जरा तिरपा. पहिल्याच सुराला काळी चार लागली. दोनदा म्हणवून घेतलं, दोन्ही वेळा.

डीआय अन् यूपीएस सोमवारी नागपूरहून आणतो. चांगला चाललेला १२ इंची कोणाला विकायचा असेल तर इथंच कळवा, मी घ्यायला येईन.