मदत हवी आहे: किल्ल्याच्या तटाला 'ड्युरेबल' म्हणता येईल का?

सिंधुदुर्ग किल्ल्यावर परदेशी पर्यटकांसाठी इंग्रजीत छोटं माहितीपत्रक करतोय. 1664 ते 1667 मध्ये बांधलेला तट, पायात शिसं ओतलेलं, अजून लाटा झेलत उभाय, हे सगळं एका विशेषणात यायला हवं. डिक्शनरीत 'ड्युरेबल' मिळालं पण ते बूट, कापड, फ्रिज असल्या वस्तूंनाच जास्त लावलेलं दिसतं, तटाला फारच हलकं वाटतं. 'स्टर्डी' दणकट आहे पण त्यात काळ येत नाही, टेबलही स्टर्डी असतं. 'एन्ड्युअरिंग' मला आवडलंय, पण उदाहरणं बहुतेक मैत्री, आठवण, प्रेमाचीच सापडली. 'स्ट्राँग' नकोय. जागा एकाच शब्दाची आहे आणि तो 'वॉल्स'च्या आधीच यायला हवा. रोज इंग्रजी लिहिणाऱ्यांनी प्लीज सांगा, दगडी तटाला 'एन्ड्युअरिंग वॉल्स' वाचताना खटकतं का?