न्यायालयाच्या आदेशाने खाते गोठले आहे, पगार कसे द्यावेत?

व्यवहारी: माल पुरवणाऱ्या एका कंपनीशी आमचा मालाचा दर्जा आणि थकबाकी यांवरून वाद आहे. त्या कंपनीने न्यायालयातून आदेश मिळवला आणि बँकेने आमचे खाते गोठवले. कामगारांचे पगार तोंडावर आले आहेत. खाते लगेच मोकळे करण्याचा मार्ग कृपया कळवावा.

सनदशीर: आदेश कोणत्या तरतुदीखाली झाला? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ नियम ५ खालील निकालपूर्व जप्ती, आदेश ३९ खालील मनाई हुकूम आणि लवाद कायद्याच्या कलम ९ खालील अंतरिम संरक्षण हे तीन वेगळे मार्ग असून, त्यांतून बाहेर पडण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. आदेश एकतर्फी, म्हणजे तुमचे म्हणणे न ऐकता झालेला, आहे का आणि त्यात रक्कम नमूद आहे का, हेही सांगावे.

जुना पक्षकार: प्रत्येक व्यावसायिकाने कॅव्हेट (आपले म्हणणे ऐकावे, अशी न्यायालयाला आगाऊ सूचना) दाखल करून ठेवावे, म्हणजे आपल्याला न कळवता असा आदेश होत नाही. ते ९० दिवस चालते.

मुनीम: आदेश होऊन गेल्यावर कॅव्हेटचा उपयोग काय?

जुना पक्षकार: पुढच्या वेळी होईल. शिवाय खाते पोलिसांनी सायबर तक्रारीवरून गोठवले असेल, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

व्यवहारी: पोलिसांचा येथे काहीही संबंध नाही. करारात लवादाचे कलम आहे, आदेश कलम ९ खालचा व एकतर्फी आहे. मागणीच्या रकमेपुरता पैसा हलवू नये, असे त्यात म्हटले आहे.

सनदशीर: मग बँक आदेशाच्या पुढे गेलेली दिसते. आदेशाची प्रमाणित प्रत जोडून, तेवढीच रक्कम रोखून ठेवावी आणि उरलेले व्यवहार सुरू करावेत, असे बँकेला लेखी कळवा. त्याच वेळी आदेशात बदल मागणारा अर्ज करून, पगार, कर आणि नेहमीचा व्यवसायखर्च यांसाठी सवलत मागा. त्यासोबत पगारपत्रक आणि देयकांची यादी जोडावी, कारण आकड्यांशिवाय केलेली विनंती सहसा टिकत नाही. लवाद सुरू झाला आहे का, तेही पाहा. कलम ९(२) नुसार अंतरिम आदेशानंतर ९० दिवसांच्या आत, किंवा न्यायालय वाढवून देईल त्या मुदतीत, लवादाची कार्यवाही सुरू व्हावी लागते.

मुनीम: एवढे करण्यापेक्षा मागणीएवढी बँक हमी द्यावी आणि खाते सोडवून घ्यावे. धंदा थांबला तर वाद जिंकूनही उपयोग नाही.

फेरविचार: या सल्ल्याशी मी असहमत आहे. विनातारण येणे सतारण करून घेण्यासाठी निकालपूर्व जप्ती वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सोलंकी ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालमत्ता लपवण्याचा वा विकून टाकण्याचा हेतू पुरवठादाराने दाखवला आहे का, हा मुद्दा आधी लढवावा.

सनदशीर: तो निकाल संहितेच्या आदेश ३८ खालील जप्तीचा आहे. कलम ९ मध्ये त्या नियमाची काटेकोर पूर्तता प्रत्येक वेळी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०२२ मध्ये एस्सार हाउस प्रकरणात म्हटले आहे, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. हमी द्यायचीच झाली, तर आपले सर्व हक्क व आक्षेप अबाधित ठेवून ती देत असल्याचे लेखी नोंदवावे. कलम ३७ खाली अपील करता येते, परंतु एकतर्फी आदेश त्याच न्यायालयात बदलून घेणे बहुधा लवकर होते.

व्यवहारी: हमीसाठी बँक पूर्ण मार्जिन, म्हणजे हमीएवढी रक्कम आधी ठेव म्हणून, मागते आहे आणि खाते कॅश क्रेडिटचे (ठरलेल्या मर्यादेपर्यंत कर्ज उचलण्याचे) आहे. त्याने काही फरक पडतो का?

सनदशीर: मोठा फरक पडू शकतो. चालू खात्यातील शिल्लक हे बँकेचे तुम्हाला असलेले देणे असते, तर कॅश क्रेडिटमधील न वापरलेली मर्यादा हे बँकेने देऊ केलेले कर्ज असते. ती तुमची मालमत्ताच नाही, असा युक्तिवाद करता येतो. अर्जात हा मुद्दा पगाराच्या मुद्द्याआधी मांडावा आणि मंजुरीपत्र व खातेउतारा सोबत जोडावा.