बीपी आणि इकोस्प्रिन चालू असताना कॉम्बिफ्लाम चालते का?

गुहागरवाली: बाबांची बीपीची टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी रोज सकाळी असते, शिवाय हृदयात स्टेंट टाकल्यापासून इकोस्प्रिन ७५, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन. आता लावणी सुरू झालीये, गडी मिळत नाहीत म्हणून स्वतःच चिखलात उतरतात आणि संध्याकाळी कंबर धरून बसतात. मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम आणलीये, सकाळ-संध्याकाळ एकेक चालूये. आई म्हणते दुखण्याची साधी गोळी ती, काय होतंय. मला मात्र धाकधूक वाटते. कुणाला नीट माहितीये का?

देवगडचा मेडिकलवाला: ताई, आजच बंद करा. तिच्यात आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं, घोळ आयबुप्रोफेनचा आहे. ते किडनीचा रक्तपुरवठा कमी करतं, टेल्मिसार्टन किडनीतला दाब उतरवतं आणि हायड्रोक्लोरोथायझाइड म्हणजे पाण्याची गोळी, ती अंगातलं पाणी काढते, वर दिवसभर शेतात घाम गाळून पाणी प्यायचं नाही, मग किडनी अचानक बसू शकते. बीपी वाढतं ते वेगळंच. इकोस्प्रिनसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि आयबुप्रोफेन आधी गेलं तर प्लेटलेटवर, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींवर, इकोस्प्रिनला जागाच मिळत नाही, म्हणजे जी गोळी स्टेंट सांभाळते तीच वाया. पण बीपीची आणि इकोस्प्रिन स्वतःहून अजिबात थांबवू नका हं.

गुहागरवाली: मग द्यायचं काय? दुखतंय तर खरंच, आणि घरी बसा म्हटलं तर ऐकत नाहीत.

देवगडचा मेडिकलवाला: लिव्हर ठीक असेल, दारू नसेल तर साधी पॅरासिटामॉल ६५०, दोन गोळ्यांत निदान सहा तास, दिवसाला चारच्या वर नाही. सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं, स्ट्रिपच्या मागे वाचा नाहीतर डबल डोस होतो. आणि डॉक्टरांना सांगून किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम या रक्ततपासण्या करून घ्या. लघवी कमी झाली, पाय सुजले किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर लगेच दाखवा, सकाळची वाट बघू नका.

सावंतवाडीकर: बरा सांगलात. एक जोडतो, लावणीच्या दिवसात ताप आला तर कॉम्बिफ्लाम कुणालाच देऊ नका. डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेनने रक्तस्राव होऊ शकतो आणि लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) तर किडनीवरच जातो. पॅरासिटामॉल द्या आणि डॉक्टरकडे जा, चिखलात काम केलंय हे आवर्जून सांगा. आमची आजी सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत ठेवते, मेडिकलमध्ये नावं सांगता येत नाहीत म्हणून पिशवीच काउंटरवर रिकामी करते. बाबांनाही तशीच द्या.

गुहागरवाली: स्ट्रिप काढून घेतलीये, बाबा रागावलेत. उद्या रक्त तपासायला नेते.